माझा अमेरिकन आमदार

मुंबईच्या विधानसभेत त्या अमेरिकन माणसाचा दाखला कुणी द्यायचाच असेल, तर तो मी द्यायला हवा होता. दिला माझ्या मित्रानं. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, आम्ही दोघंही म्हातारे झालो, तरी ती आठवली की माझे कान तापतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

चाकणच्या पेठेत माझी कांद्याची अडत होती. शेतकऱ्यानं माल आणायचा आणि मी तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा, असा धंदा. तिथवर मी कुणाच्या आधारानं आलो नाही. कुरुळीहून डोक्यावर गोणी घेऊन चालत आलेला माणूस मी. हमाली केली, मग जनावरांच्या बाजारात दलाली केली, मग अडत थाटली. शाळा नावाला पाहिलेली. अक्षरं शिकलो ती गोणपाटावरची, व्यापाऱ्यांच्या शिक्क्यांची. त्यामुळे वाचायला लागलो तेव्हा आधी जाड अक्षर वाचता यायचं, बारीक नंतर.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, माझ्या मित्राचं कापडाचं दुकान होतं. तो जुन्या शेतकरी घरातला, आठवी पास, बोलायला मऊ. दारावर त्यानं पाटी लावली होती : ‘एकच भाव’. त्या पाटीवरून मी त्याला जितकं छळलं तितकं बायकोनंही छळलं नसेल. दुपारी बाजार थंडावला की मी त्याच्या गादीवर जाऊन बसायचो.

“काय रं, आज तरी कुणी घासाघीस केली का?”

“नाही बाबा.”

“मग दिवस फुकट गेला की तुझा.”

तो हसायचा आणि कापड मोजायचा. राग त्याला येतच नसे. मला दोघांच्या वाटणीचा यायचा.

एका दुपारी त्याच्याकडे पुण्याहून रद्दीचा गठ्ठा आला, कापड बांधून द्यायला. मी बसल्या बसल्या तो उलथापालथा करत होतो. त्यात एक पुस्तक निघालं. पुठ्ठा नव्हता, पण कागद असा गुळगुळीत की कापड बांधण्यात वाया घालवणं पाप वाटावं. मराठीत होतं. अमेरिकन लोक तेव्हा असली पुस्तकं भाषांतर करून फुकट वाटत असत. मी पहिलं पान वाचलं आणि दुपारभर उठलो नाही.

“हे मी नेऊ का?” विचारलं.

“ने. रद्दीच आहे.”

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड मुलखात होऊन गेलेल्या एका आमदाराची ती हकिगत होती. बाप लहानपणी मेला. यानं घोडागाडीवर बटाटे विकत घ्यायला आणि विकायला सुरुवात केली. माणूस तापट. एकदा स्टेशनावर तोलकाट्यावरून भांडण झालं. बटाटे घेणारी बडी मंडळी माल आपल्या वखारीत नेऊन, दार लावून तोलायची, आणि बाहेर येऊन वजन सांगायची. यानं वखारीचं दार खांद्यानं तोडलं. दंड झाला. पण त्या भागातल्या शेतकऱ्यांनी त्याला उचलून आपल्या राज्याच्या विधानसभेत पाठवलं.

तिथं पहिलं वर्षभर तो एक अक्षर बोलला नाही. लोक म्हणाले, बटाटेवाल्याची वाचा बसली. दुसऱ्या वर्षी त्यानं बटाट्याचं भरलेलं पिंप सभागृहात आणून अध्यक्षांच्या टेबलासमोर ठेवलं आणि सगळ्या आमदारांना म्हणाला, याचं वजन सांगा. प्रत्येकानं निराळं सांगितलं. मग म्हणाला, तुम्ही शहाणे असून तुमचं हे, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचं काय होत असेल? शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तोलल्याशिवाय माल घ्यायचा नाही, असा कायदा त्यानं करून घेतला. पुढं त्याला राजधानीतल्या मोठ्या सभागृहात जायचं होतं. तिथंही उभा राहिला. निवडणुकीच्या दिवशी सकाळी तो आपल्या घोड्याला खरारा करत होता, आणि...

आणि पुढची पानं नव्हती.

ते पुस्तक मी किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. त्या माणसात आणि माझ्यात मला फरक फक्त बटाट्याचा आणि कांद्याचा दिसायचा. मी ती हकिगत मित्राला दुकानात बसून सांगितली. एकदा नाही, दहादा. पिंपाचा प्रसंग तर मी उभा राहून करून दाखवायचो, त्याचा कापडाचा तागा पिंप म्हणून मधे ठेवून. तो म्हणायचा, “बटाटेवाला तर तूच आहेस गड्या.” मला ते आवडायचं. आणि माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट बसली होती. सगळ्यांना मत देता येईल अशी पहिली निवडणूक जवळ येत होती. मला आमदार व्हायचं होतं.

इथं मला जनावरांच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बैलाचा सौदा, आणि पुढं कांद्याचाही, आम्ही उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून करत असू, म्हणजे बघ्यांना भाव कळत नसे. पण बोटं ही नंतरची गोष्ट. आधी तीन फेऱ्या. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं तेव्हा मान हलवायची : विकायचाच नाही. दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा पाठ फिरवायची. मग गिऱ्हाईक चार पावलं जातं, तुम्ही बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहता, आणि ते परत येतं. तिसऱ्या फेरीला हात द्यायचा. पहिल्या फेरीला हो म्हणणाऱ्याच्या बैलात काहीतरी खोड आहे, असं अख्खा बाजार धरून चालतो. या तीन फेऱ्यांत माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

एक दिवस सकाळी माझ्या अडतीपुढं जीप थांबली. तालुक्यातले पुढारी : एक पांढऱ्या मिशांचे वकील, एक बागायतदार आणि त्यांच्याबरोबर हिंडणारा एक कार्यकर्ता. ते येणार हे मला चार दिवस आधी कळलं होतं. मी भिंतींना चुना लावून घेतला होता. चहा झाला.

बागायतदार म्हणाले, “या भागातनं तुमचं नाव द्यायचं आमच्या मनात हाय. बाजार तुमच्या शब्दावर चालतो. बोला.”

ज्या शब्दांसाठी मी दोन वर्षं कान लावून बसलो होतो तेच हे शब्द. आणि माझी मान हलली. आपोआप. “छे छे, आमाला कुठलं जमतंय राव. धंदा कोण बघंल?”

“धंद्याला भाऊ आहे की तुमचा,” वकील म्हणाले. “आठवड्यातले चार दिवस मुंबईला, तीन इथं. विचार करा.”

“इचार काय करायचा, वकीलसाहेब? न्हाई म्हंजे न्हाई. आमी मातीतली माणसं. दुसरा कुणीतरी शिकला-सवरलेला बघा.”

आणि मी पाठ फिरवली. एका गोणीत हात घातला, कांदा काढला आणि त्याची मान वाळली आहे का ते दाबून बघत उभा राहिलो. मागं बाकडं सरकल्याचा आवाज झाला. पायऱ्या उतरल्याचा झाला. जीप सुरू झाल्याचा मात्र झाला नाही, आणि मी मनात हसलो. बाहेर उभे राहून आपसांत बोलत असतील. येतील.

बराच वेळ झाला तेव्हा मी वळलो. तिघं रस्ता ओलांडून ‘एकच भाव’च्या पायऱ्या चढत होते.

माझा मित्र एका बाईला मांजरपाट मोजून देत होता. वकिलांनी त्याला काहीतरी विचारलं. त्यानं गज खाली ठेवला, मान डोलावली, गज उचलला आणि परत मोजायला लागला. एवढंच. मी कांदा हातात धरून बघत होतो. आमदारकीला त्यानं मांजरपाटाच्या दोन हातांइतकासुद्धा वेळ दिला नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “तुमी न्हाई म्हणालात, त्यांनी ऐकलं.”

“अगं, पण पुन्हा इचारायला नको?”

“कशापायी? ते काय बैल घ्यायला आलं व्हतं?”

मी ताट ढकलून उठलो. त्या दिवशी मी तिच्यावरही ओरडलो, आणि तिचं काही चुकलेलं नव्हतं.

संध्याकाळी मित्र स्वतः आला. दाराशीच उभा राहिला. “ते मला उभं राहा म्हणतात. तुला आधी विचारलं होतं का?”

“व्हय. मी न्हाई म्हणालो.”

“का रे?”

“मला नको हाय म्हणून.”

“तुझ्या मनात असेल तर सांग. मी आत्ता जाऊन वकिलांना सांगतो, माझं नाव काढा. अजून काही बिघडलेलं नाही.”

ही तिसरी फेरी होती. मी ओळखली. पण ती आली त्याच्याकडून. ज्याला एक साधा सौदा करता येत नव्हता, ज्याला मी रोज दुपारी हसत होतो, त्यानं आपल्या ताटातलं काढून माझ्या ताटात वाढावं आणि मी ते खावं? “जा रं,” मी म्हणालो, “उभा राहा. मला कांद्यातनं डोकं वर काढायला सवड न्हाई.”

“बरं,” तो म्हणाला आणि गेला. माझ्या नाहीला त्यानंही नाहीच समजलं. त्याच्याकडे एकच भाव होता ना.

निवडणुकीत मी त्याच्यासाठी हिंडलो. न हिंडतो तर लोकांनी ओळखलं असतं. कुरुळीपासून खाली रावेतपर्यंत बैलगाडीतून, सायकलवरून गेलो. सभेला माणसं मी जमवायचो, बोलायचा तो. हळू, मास्तरासारखा, कुणाला शिवी नाही, टाळीची वाट बघणं नाही. मी खाली उभा राहून मनातल्या मनात त्याचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. इथं आवाज चढवायला हवा होता. इथं थांबायला हवं होतं. आणि लोक तरीही ऐकायचे. याचं मला सगळ्यात वाईट वाटायचं. तो निवडून आला. गुलाल माझ्याही अंगावर पडला, तो धुवायला मला दोन दिवस लागले आणि दोन्ही दिवस येणारा-जाणारा मला विचारायचा, “काय राव, तुमचा दोस्त साहेब झाला!”

साहेब. पेठेतले सगळे त्याला साहेब म्हणायला लागले. चारचौघांत मलाही अहो-जाहो करावं लागे. दर वेळी तो ‘अहो’ घशातून ओढून काढावा लागायचा.

पहिलं वर्ष तो विधानसभेत बोललाच नाही. मी बाजारात सांगत सुटलो, “तिकडं बसून गिऱ्हाइकांची मापं घेतोय जणू.” लोक हसायचे. मग एके दिवशी माझ्याच ध्यानात आलं की अमेरिकनही पहिलं वर्ष गप्प होता. माझं हसू जिरलं.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी मी न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलो होतो. तिथं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची पद्धत होती. वाचणारा म्हणाला, “ऐका, आपल्या साहेबांचं भाषण आलंय.” शेतमालाच्या तोलाविषयी होतं. आणि त्यात असं होतं की, अमेरिकेतल्या एका आमदारानं सभागृहात बटाट्याचं पिंप आणून ठेवलं होतं. पुढं साहेबांचे शब्द होते : ‘मी कांद्याची गोणी आणून सन्माननीय सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आणू इच्छित नाही, पण प्रश्न तोच आहे.’ कंसात छापलं होतं : हशा.

न्हाव्याचं दुकानही हसलं. मी अर्ध्या दाढीनं उठलो.

“अहो, एक गाल राहिलाय!” न्हावी ओरडला.

“राहू दे!”

शनिवारी तो मोटारीतून उतरला तेव्हा मी थांब्यावरच उभा होतो. हातातली पिशवीही त्याला खाली ठेवू दिली नाही.

“तो माझा अमेरिकन व्हता.”

“कोण?”

“पिंपवाला.”

तो हसला. “अरे, रद्दी माझ्या दुकानातली होती.”

“पण वाचली कुणी? तुला सांगितली कुणी? तुझाच तागा मधे ठिवून करून दाखवली कुणी?”

“तूच,” तो म्हणाला. “आणि ते मी तिथं सांगितलं. म्हणालो, माझ्या एका अडत्या मित्रानं मला ही हकिगत सांगितली. पेपरवाल्यांनी तेवढं वाक्य गाळलं.”

ते खरं होतं की नाही, हे मी पडताळून पाहू शकलो नाही. पण तो खोटं बोलत नसे, हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. म्हणजे मी तिथवर पोचलो होतो, त्या सभागृहात, त्या गालिच्यावर, आणि छापताना कुणीतरी मला झाडून टाकलं.

पुढची वर्षं मी त्याची कारकीर्द अशी बघितली, जशी दुसऱ्याच्या दावणीला बांधलेली आपली जनावरं बघावी. रस्ता झाला. दवाखान्याला डॉक्टर आला. पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहायला लागला तेव्हा आसपासच्या गावांतली पोरं कामाला लावण्यासाठी तो चिठ्ठ्या देत बसायचा, आणि त्याच्या पायऱ्यांवर माणसांची रांग माझ्या अडतीच्या दारापर्यंत यायची. मग त्यानं खटपट करून कांद्याचा उघड लिलाव सुरू करवला. उपरण्याखालची बोटं कांद्याच्या बाजारातून गेली. माझी अर्धी कला गेली. मी अर्थात उघड्या लिलावातही कमी पडलो नाही, आवाज होता माझ्याकडे. पण शेतकरी माल विकून हिशेबाची पट्टी खिशात घालून सरळ समोर जायचे, साहेबांना नमस्कार करायला. भाव मी काढून दिलेला असायचा.

दुसरी निवडणूक आली तोवर वारं फिरलं होतं. त्याच्या पक्षावर लोक चिडले होते. विरोधकांतले चार जण माझ्याकडे आले. त्यातला एक माझ्याच गावचा, कुरुळीचा, पैलवान माणूस. चहा यायचा होता अजून.

पैलवान म्हणाला, “अण्णा, आमी असं ठरवलंय की साहेबांच्या विरोधात तुमास्नी...”

“व्हय,” मी म्हणालो.

पैलवान अडखळला.

“न्हाई, म्हंजे आमचं आजून पुरतं बोलून...”

“काय बोलायचंय? उभा ऱ्हातो. आजच लिहा नाव.”

पाच वर्षं मी या घटकेची तालीम केली होती. मान हलवायची नाही. पाठ फिरवायची नाही. पहिल्या फेरीला हात द्यायचा. मी दिला. आणि त्या चौघांनी एकमेकांकडे असं बघितलं की मला माझाच बाजार त्यांच्या डोळ्यांत दिसला. पैलवानानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

“अण्णा, रागावू नका,” तो शेवटी म्हणाला. “पण तुमी एवढ्या झटक्यात व्हय म्हणताय... साहेब तुमचा जुना दोस्त. त्यांनीच तर न्हाई ना सांगून ठेवलं तुमाला, उभा ऱ्हा आन् ऐनवेळी नाव काढ म्हणून?”

“अरं, काय बोलतोस तू!” मी पेला आपटला. चहा त्याच वेळी आला होता, तो सांडला. मी आणखी काय काय बोललो ते लिहीत नाही. ते उठून गेले. त्यांनी एका शाळामास्तराला उभं केलं, आणि मास्तर निवडून आला.

माझा मित्र पडला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, एक दिवसभर झाला. पण मास्तराच्या मिरवणुकीचा गुलाल उडताना बघितला आणि मला कळलं की माझी असूया मित्रापुरती नव्हतीच. ती त्या खुर्चीपाशी उभी होती. जो बसेल त्याला चावायला.

निकालानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी मी त्याच्या दुकानात गेलो. किती वर्षांनी गादीवर बसलो. तो ताग्यांवरची धूळ झटकत होता. पाटीवर नवा रंग दिला होता. शब्द तेच.

“काय रं, कुणी घासाघीस केली का?”

“नाही बाबा.”

मग तो म्हणाला, “अरे हो. मुंबईत ग्रंथालयात मला ते पुस्तक मिळालं. तुझ्या अमेरिकनाचं. आख्खं. शेवट वाचला मी. सांगू?”

घोड्याला खरारा करणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं हातात ब्रश धरून तसाच उभा होता. माझी मान हलली. “ऱ्हाऊ दे.”

“तुला उत्सुकता नाही?”

“न्हाई. मला काय करायचंय?” मी उठलो आणि पाठ फिरवून पायऱ्या उतरलो.

मागून हाक येईना. झटकणं परत सुरू झाल्याचा आवाज आला. रस्त्याच्या मधोमध मी थांबलो. एका गाडीवानानं शिवी दिली. मी वळलो, पायऱ्या चढलो आणि परत गादीवर बसलो.

“सांग,” म्हणालो.

त्यानं जराही चेष्टा केली नाही. “निवडून आला. राजधानीत गेला. तिथं पुष्कळ वर्षं होता. पण खरं सांगू, पुढं वाचण्यासारखं काही नाही. ना दार तोडणं, ना पिंप. नुसत्या समित्या. ही समिती, ती समिती. तू वाचलंस तेवढंच चांगलं होतं.”

तो माझं समाधान करत होता, हे मला कळत होतं. कदाचित स्वतःचंही.

“कुठल्या समित्या?” मी विचारलं.

“अरे, त्यात काय...”

“सांग की.”

तो बोटांवर मोजायला लागला. “शेतीची. रेल्वेची. टपालाची. वजनमापांची होती एक. आणि पाचवी... पाचवी आठवत नाही.”

“आठव,” मी म्हणालो.